मावशी परत येणार नाही म्हणे!

आज मावशीचा पासपोर्ट आला. युरोपचा शेंगेन व्हिसा नाही. सोबत कारणांची यादी छापलेला कागद आणि त्यातल्या एका चौकटीवर फुली: मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे.

मावशी! आमच्याकडे आली तरी दुसऱ्या दिवशी "निघते गं" म्हणून पिशवी भरणारी बाई ती. लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. कमी काय होतं? बँक स्टेटमेंट, जावयाचं निमंत्रणपत्र, ३०,००० युरोचा प्रवास विमा, परतीचं बुकिंग, सगळं लावलं होतं. ठसे देताना मशीनवर उमटेनात, भांडी घासून रेषाच झिजल्यात. काउंटरवरची मुलगी "आजी, जोरात दाबा" म्हणतेय आणि ही तिलाच सॉरी म्हणतेय.

९० युरो फी, नकार दिला तरी परत नाही. बरं, कामाचे पैसे घ्या. पण परत येणार हे मावशीनेच पटवून द्यायचं. कशाच्या जोरावर? नोकरी कधी नव्हतीच (घरकामाची सॅलरी स्लिप कोण देतं?), काका गेले, घर मुलाच्या नावावर. म्हणजे यांच्या लेखी तिला मागे ओढणारं काहीच नाही! अमेरिकेने तर हे कायद्यातच लिहून ठेवलंय, कलम २१४ (ब): माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, नसेल तर त्याने सिद्ध करावं.

आणि हेच युरोपवाले. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाशी मोझेल नदीतल्या बोटीवर ५ देशांनी आपसातली सीमातपासणी उठवायचा करार केला. आता २९ देश झालेत. जावयाकडे तिथलं रेसिडेन्स परमिट आहे, तो शनिवार-रविवार शेजारच्या देशात जाऊन येतो. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत बाकीच्या देशांत मुभा. आणि त्याची सासू दाराबाहेर.

मुदत उलटली तरी राहणारे असतात, माहितीये. कोणाला आत घ्यायचं हा त्यांचा हक्क, तेही मान्य. म्हणून मावशीवर फुली?

ती चिडलेलीही नाही हो. मघाशी फोनवर हळूच विचारत होती, "फॉर्ममध्ये माझंच काही चुकलं का गं?" काय सांगू तिला?

अपिलाची सोय आहे, पण बाळ काही निकालाची वाट बघत थांबणार नाही. कोणी अपील केलंय का? की नव्याने अर्ज भरलेला बरा? अनुभव असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, मुलाच्या नावावरचं घर दाखवायचं कसं तेही. आणि "हल्ली व्हिडिओ कॉल असतो की" असं कोणी लिहू नका, आज सरळ ब्लॉक करेन.