सदर फोटो आपल्या शाळेचा दिसत नाही

परवा रात्री जेवायला बसले होते तेवढ्यात पंचायत समितीच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक्सेलचा स्क्रीनशॉट पडला. त्यात आमच्या शाळेची ओळ लालभडक रंगवलेली आणि शेवटच्या रकान्यात शेरा, 'सदर फोटो आपल्या शाळेचा दिसत नाही, उद्या दुपारी 12 पर्यंत खुलासा सादर करावा.' त्याच्याखाली लोकांनी भराभर अंगठे टाकले. आता यात अंगठा देण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण कोणी कोणी दिला ते मी बघून ठेवलंय.

प्रकरण असं. मी शिकवते ती शाळा जिल्हा परिषदेची, यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीपासून आत, सातवीपर्यंत. वरून आलं की प्रकल्प करा, अन् तो डिजिटल साधनं वापरून करा. आम्ही कपाशीवरची गुलाबी बोंडअळी घेतली, दुसरं काय घेणार, खिडकीतून चारी बाजूला तेच दिसतं. कामगंध सापळे, म्हणजे वासानं पतंगांना ओढणारे, लावायचे, रोज सकाळी त्यात पडलेले या अळीचे पतंग मोजायचे, टॅबवर शीटमध्ये भरायचे, आलेख काढायचा. एका सापळ्यात रात्रीला 8 किंवा जास्त पतंग, असं सलग 3 दिवस झालं की फवारणीचं बघायचं, नाहीतर नाही, हे कृषीवाल्यांचं गणित. पोट्ट्यांना आवडलं कारण सकाळी सकाळी वर्गाबाहेर जायला मिळत होतं. मला आवडलं कारण सरासरी हा धडा पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी येत होता.

वावर दिलं नानांनी.

नाना सत्तरीच्या पुढचे. गळ्यात दुपट्टा, पायात रबरी बूट, खिशात चार्जर. मोबाइल नातवाकडे असतो आणि चार्जर नानांच्या खिशात, त्यामुळे नातू दिवसभर कुठंही उंडारला तरी बॅटरी संपली की घरी येतोच. पहिल्याच दिवशी पोरं टॅब घेऊन कपाशीत शिरली तसे नाना धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उठून आले.

"मॅडम, हे पीक पाहणी होय ना?"

"नाही नाना, हा मुलांचा प्रकल्प आहे."

"बरं. मंग माह्या गटात कापूस अन् तूर दोन्ही लिहा. तूर तिकडं हाय, नाल्याकडं."

"अहो नाना, ते ई-पीक पाहणीचं ॲप वेगळं असतं, हे..."

"फोटो काढून राहिले ना?"

"हो."

"कापसाचाच काढून राहिले ना?"

"हो, पण..."

"मंग वेगळं काय हाय?"

खरं सांगायचं तर यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2021 च्या 15 ऑगस्टपासून शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद आपल्याच मोबाइलवरून करायची असं ठरलं, सातबाऱ्यावर पीक चढवायचं तर वावरात जाऊन फोटो काढा. नुकसानीची तक्रार करायची तर विम्यासाठी 72 तासांच्या आत कळवायचं असायचं, तिथंही फोटो. त्यात आता शाळेच्या बाईही फोटो काढायला आल्या तर माणसानं काय समजायचं. शेवटी तडजोड झाली. नानांनी वावर द्यायचं, त्याच्या बदल्यात सातवीच्या पोरांनी नानांची पीक पाहणी करून द्यायची. त्यासाठीचा ओटीपी जायचा पुण्याला कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलाच्या नंबरवर, तो मुलगा रात्रपाळी करून झोपलेला, त्याला उठवायला सुनेला फोन, सून म्हणे आता नका उठवू, आणि हे सगळं होईपर्यंत माझे विद्यार्थी मेथीच्या वाफ्यावर बसून नानांच्या घरच्या बोरकुटाच्या पुड्या संपवत होते. प्रकल्पाच्या अहवालात मी याला 'समाजाचा सहभाग' म्हटलंय.

मग सापळ्याचा दिवस. सातवीतली एक पोरगी फार धीट आहे, तिनंच नानांना समजावून सांगितलं, की या गोळीला मादीच्या वासासारखा वास असतो, त्या वासानं नर येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. नानांनी सापळ्याचं नरसाळं हातात घेऊन वरून पाहिलं, खालून पाहिलं, गोळीचा वास घेऊन पाहिला.

"म्हंजे बाईच्या वासानं गडी येते अन् मरते?"

"हो नाना, पतंगांमध्ये तसं..." मी म्हटलं.

"अन् बाई?"

"ती नाही येत सापळ्यात."

"तिले काईच नाई होत?"

"नाही."

"मंग हे पाह्याले सापळा कायले लागते, मॅडम," नाना म्हणाले, आणि गावातल्या घरांची उदाहरणं द्यायला लागले, नावानिशी, कोणाची जमीन कशी गेली ते सुद्धा. मी नाना, नाना करत राहिले पण त्यांना थांबवणार कोण. एका पोट्ट्यानं ते सगळं इमानेइतबारे निरीक्षणाच्या रकान्यात भरलं. शीट पुढे पाठवायच्या आधी माझी नजर गेली म्हणून बरं, नाहीतर पंचायत समितीत आमच्या गावाच्या भानगडी रकानानिहाय पोचल्या असत्या.

आता तो फोटो. ऑफिसला साधा फोटो चालत नाही, खाली नकाशा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि गावाचं नाव छापून येतं तसला पाहिजे. नानांचं वावर नाल्यापलीकडे. नाल्यापलीकडे गेलं की मोबाइलला वाटतं आपण शेजारच्या गावात आलो, आणि तो बिनधास्त त्या गावाचं नाव छापतो. फोटोत आमची पोरं आहेत, आमचा गणवेश आहे, एकाच्या पाठीवर तर शाळेचं नाव छापलेलं टी-शर्ट आहे. पण खाली गाव दुसरं. म्हणून लाल ओळ.

दुसऱ्या दिवशी खुलासा लिहीत बसले होते तर नाना दारात. कोणी सांगितलं देव जाणे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशन कार्ड, त्याच्या आत घडी घातलेला सातबारा.

"माह्या आज्यापासूनचं वावर हाय. कोन्या मोबाइलनं म्हटलं ते दुसऱ्या गावचं होय म्हून?"

"नाना, मोबाइल नाही, तो नकाशा..."

"फोन लावा त्याले."

"कोणाला?"

"ज्यानं नकाशा काढला त्याले. मी बोलतो."

मी म्हटलं तो माणूस असा फोनवर मिळत नाही. नानांना ते पटलं नाही, पण ते खुर्चीवर टेकले आणि मग हळू आवाजात खरी गोष्ट निघाली. पलीकडच्या गावातल्या धुऱ्यावाल्याशी त्यांची मोजणीवरून जुनी केस आहे. "हा फोटो कोठंकोठं गेला मॅडम? त्यानं पाह्यला तं उद्या कोर्टात लावन, सरकारच म्हन्ते वावर इकडलं होय म्हून." म्हणजे मला आता दोन खुलासे द्यायचे होते. ऑफिसचा अर्ध्या पानात झाला. नानांचा चहा होऊन, खिचडीची सुट्टी होऊन, पोरं परत वर्गात जाईपर्यंत चालला होता, अन् शेवटी 'या फोटोचा जमिनीच्या हक्काशी काहीही संबंध नाही' असं मला शाळेच्या लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून द्यावं लागलं. तो कागद आता त्या सातबाऱ्याच्या घडीत आहे.

हसायला येतं, पण मला खरं तर राग आलाय. प्रशिक्षणात आम्हाला दिवसभर एका हॉलमध्ये बसवून सांगितलं की करून शिकणं ही नवीन संकल्पना आहे. वर्धा आमच्या शेजारचा जिल्हा. तिथं 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, हाताच्या कामातून शिकवायचं म्हणून, टकळीवर सूत काढता काढता त्यातलंच गणित. फरक एवढाच, की त्या सुताचा फोटो कुठं अपलोड करायचा नव्हता. आणि टॅब, शीट, आलेख याला माझा काडीचा विरोध नाही. उभा अक्ष शून्याऐवजी 5 पासून सुरू केला की आपल्या सापळ्याचा खांब दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो, हे एका पोट्ट्यानं स्वतःच शोधून काढलं, त्यावर वर्गात भांडण झालं, आणि त्या भांडणात पोरं जे शिकली ते मला फळ्यावर वर्षभरात शिकवता आलं नसतं. पण त्या भांडणाचा रकाना अहवाल भरायच्या त्या लिंकमध्ये नाही. फोटो 5, प्रत्येकी 200 केबीच्या आत, बस. नेट माझ्या रिचार्जवर, कारण आमच्या पटाला वर्षाचं संयुक्त अनुदान 25 हजार आणि त्यात खडू, लाइट बिल, संडासाची साफसफाई आणि टॅबची फुटलेली काच सगळंच बसवायचं असतं.

आणि ते 8 पतंगांचं गणित हा काही खेळ नाही. 2017 ला बोंडअळीनं आमच्याकडं कापूस खाल्ला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. आमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांचे बाप पाठीवर पंप घेऊन फवारतात. मोजल्याशिवाय फवारू नका हे पोरगं घरी जाऊन सांगत असेल तर मला त्या कामाचा अहवाल हवा आहे, पण तो मागितलाच नाही कोणी. ग्रुपवर विचारतात ते एवढंच, लिंक भरली का.

खुलासा मान्य झाला. वर सूचना आली की यापुढे प्रकल्पाचे सर्व फोटो शाळेच्या आवारातच काढावेत. म्हणून आम्ही एक सापळा आणून शाळेच्या निमाच्या झाडाला टांगला, खिचडीच्या शेडशेजारी, आणि पोरांना त्याच्याखाली वह्या घेऊन उभं केलं. गावाचं नाव एकदम बरोबर आलं. नाना फाटकातून बघत होते.

"निमावर बोंडअळी येते का जी मॅडम?"

"नाही येत नाना. फोटोपुरतं आहे."

"झाला फोटो?"

"झाला."

"मंग द्या तो इकडं," म्हणाले, आणि सापळा काढून सायकलच्या हँडलला अडकवून वावराकडं घेऊन गेले. आता ऑफिसकडून दुसऱ्या अँगलनं फोटो मागितलाय, आणि नाना सापळा द्यायला तयार नाहीत, म्हणतात हंगाम संपल्यावर या.