पेशंट पडतो कधी आणि आपल्याला कळतं कधी

बरेच दिवस लिहायचं होतं. पेशंट पडू नये म्हणून खोलीत कॅमेरा लावायचा आणि लांब कुठेतरी बसलेल्या एका माणसाने दहा-बारा, काही ठिकाणी त्याहून जास्त पेशंटवर स्क्रीनवरून नजर ठेवायची, यावरून आमच्या नर्सिंगवाल्यांत सरळ दोन तट पडलेत. एकांना वाटतं आता सगळे प्रश्न सुटले, दुसरे म्हणतात आजारी माणसावर पाळत कसली ठेवताय. मी वॉर्डातल्या नाइट ड्यूट्या केल्यात आणि त्या स्क्रीनसमोरही बसलेय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार बोलू शकते.

झोपेत गडगडून खाली येणारे पेशंट थोडे असतात. बहुतेक जण स्वतःच्या मनाने उठतात, आणि त्यातले कितीतरी लघवीला किंवा संडासला. रात्रीचे तीन वाजलेले, पोटात बीपीची गोळी, वर लघवी जास्त होण्याची गोळी, झोपेची गोळी, हाताला सलाईन, चष्मा कुठे ठेवलाय आठवत नाही, आणि उभं राहिल्यावर बीपी धाडकन खाली येऊन डोळ्यापुढे अंधारी. बेल उशाशी असते हो, पण "सिस्टरना कशाला उठवायचं, दोन पावलांवर तर बाथरूम आहे" हे मनात येतंच. मग खुब्याचं हाड मोडतं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत दरवर्षी 7 ते 10 लाख पेशंट हॉस्पिटलमध्ये पडतात असा तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे, आणि ऑक्टोबर 2008 पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः वयस्कांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, अशा पडण्यातून झालेल्या दुखापतीचे जादा पैसे हॉस्पिटलला द्यायचं बंद केलं. कॅमेऱ्यांमागे जी धावपळ दिसते त्यात पेशंटची काळजी आहेच, पण हा हिशोबही आहे, उगाच लपवू नये.

आता कॅमेऱ्याच्या आधी काय होतं, तर बेडचा अलार्म. गादीखाली सेन्सर, वजन उठलं की टॅंऽऽ. ऐकायला छान वाटतं पण गडबड अशी की वजन उठलं म्हणजे माणूस ऑलरेडी उभा राहिलाय, सिस्टर तिसऱ्या खोलीत कुणाची ड्रेसिंग करत्येय, ती हातमोजे काढून पळत येईपर्यंत पेशंट फरशीवर. शिवाय कूस बदलली तरी तो वाजतो, मग कान मेल्यासारखे होतात आणि खरा वाजला तरी कुणी मान वर करत नाही. 2012 मध्ये यावर मोठी ट्रायल छापून आली होती, 16 वॉर्ड, 27 हजारांच्या वर पेशंट, अलार्मचा वापर भरपूर वाढवला आणि पडण्याचं प्रमाण काही म्हणावं तसं हललं नाही. बेडचे कठडे चारही बाजूंनी वर करायचे हा दुसरा आवडता उपाय, तोही फसवा, कारण गोंधळलेला माणूस कठडा चढून जातो आणि मग आणखी उंचावरून पडतो. हातपाय बांधण्याबद्दल तर बोलायलाच नको.

कॅमेऱ्याचा फायदा आहे तो इथे. स्क्रीनसमोर बसलेल्याला पडणं दिसायच्या आधी उठायची तयारी दिसते. पांघरूण पायांनी खाली लोटलं जातं, हात सलाईनच्या नळीकडे जातो, नळी ताणली जाते, मग एक पाय कठड्याच्या फटीतून बाहेर, अंगठा चप्पल शोधतोय. यात बराच वेळ जातो, अशक्त माणसाला तर जास्तच. तेवढ्यात स्पीकरवरून "काका, थांबा जरा, पाय वर घ्या, सिस्टरना पाठवतेय" म्हटलं की बरेच जण खरंच थांबतात. नाही थांबले तर वॉर्डात मोठा अलार्म. मला विचाराल तर या यंत्रणेतली सगळ्यात कामाची वस्तू कॅमेरा नाहीच, तो स्पीकर आहे, आणि त्यावर बोलणाऱ्याचा सूर. खेकसून "उठू नका!" म्हटलं की माणूस हट्टाने उठतो. "लघवीला जायचंय का?" असं विचारलं की मान हलवतो आणि बसून राहतो.

पण हे सगळ्यांना लागू पडत नाही आणि इथेच हॉस्पिटलवाले गल्लत करतात. ज्याला नीट ऐकू येत नाही, ज्याला स्क्रीनवाल्याची भाषा कळत नाही, त्याला तो आवाज काय उपयोगाचा? डिलिरियममधल्या, म्हणजे आजारपणात अचानक भ्रमात गेलेल्या, आजींना भिंतीतून आवाज आला की त्या घाबरून आणखी जोरात उठायला बघतात, त्यांच्याजवळ प्रत्यक्ष माणूसच लागतो. कॅमेरा कुणाला आणि माणूस कुणाला हे ठरवायला मोर्स स्केलचा, म्हणजे पडण्याचा धोका मोजायच्या तक्त्याचा, नुसता आकडा पुरत नाही. त्यात आधी पडलाय का, चाल कशी आहे, सलाईन आहे का असे 6 मुद्दे आहेत, त्यातून धोका किती ते कळतं, सांगितलेलं ऐकेल का ते कळत नाही.

आणि माझा खरा आक्षेप पुढेच आहे. कॅमेरे आले म्हणून पेशंटजवळ बसणारे अटेंडंट कमी केले, इथवर एकवेळ समजू शकते, पण त्याच जोरावर रात्रीच्या सिस्टरही कमी करायच्या? स्क्रीनवाला ओरडून सांगेल हो, धावत कोण जाणार? कॅमेऱ्यावरचे बहुतेक अभ्यास "आधी किती पडत होते, नंतर किती पडले" अशा पद्धतीचे आहेत, आकडे कमी झालेले दिसतात, पण त्याच काळात वॉर्डात आणखी काय काय बदललं ते वेगळं काढता येत नाही. म्हणून मी तरी "आमच्याकडे इतके कॅमेरे आहेत" या वाक्यावर जात नाही. अलार्म वाजल्यापासून कुणाचा तरी हात पेशंटच्या खांद्याला लागेपर्यंत किती सेकंद गेले, दिवसा किती आणि पहाटे किती, हा आकडा दाखवा. तो लिहून ठेवणारी फार ठिकाणं मी पाहिली नाहीत.

याउलट बिनकॅमेऱ्याचं एक काम बघा. फॉल टिप्स नावाची पद्धत आहे, पेशंट आणि घरच्यांना सोबत घेऊन त्याचा स्वतःचा धोका आणि त्यावरचा उपाय बेडजवळच्या कागदावर लिहायचा, चित्रांसकट. 2020 ला आलेल्या अभ्यासात पडण्याचं प्रमाण 15 टक्के आणि पडून दुखापत होण्याचं 34 टक्के कमी झालं होतं. कॅमेरा नको असं नाही म्हणत मी, हे आधी करा आणि मग कॅमेरा लावा. ठरलेल्या वेळी जाऊन "बाथरूमला नेऊ का" विचारलं तरी निम्मे अलार्म वाजणारच नाहीत असं माझं स्वतःचं मत आहे, वाद घालायला तयार आहे.

पाळतीचं म्हणाल तर तो मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग होत नाही, नुसतं लाइव्ह दिसतं, आणि स्पंजिंग किंवा बेडपॅनच्या वेळी सिस्टरने सांगितलं की स्क्रीन झाकता येते. पण हे पेशंटला कुणी सांगतं का? तुमचं माणूस अ‍ॅडमिट असेल आणि वर कॅमेरा दिसला तर सरळ विचारा, हे रेकॉर्ड होतंय का, कोण बघतंय, एकावेळी किती जणांना बघतंय, आणि त्याने हाक मारली तर इथे धावत येणारं कोण, त्यांचं नाव सांगा.