‘म्हाताऱ्यांच्या गावाला डिजिटल कारभार कशाला?’

एक दावा सध्या सगळीकडे फिरतोय. तरुण निघून गेले आणि म्हातारी माणसंच उरली, अशा गावाच्या नगरपालिकेने डिजिटल कारभारावर पैसा घालणं म्हणजे उधळपट्टी. माणसं कमी, म्हणजे काम कमी. म्हाताऱ्यांना मोबाईल जमत नाही. आणि करायचंच असेल तर कचेरीतल्या खिडक्या बंद करून कर्मचाऱ्यांचे पगार तरी वाचवा. हे सगळं जिथे प्रत्यक्ष घडतंय त्या जपानकडे पाहिलं, की दावा ढासळतो.

काम कमी होतं? जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग उतरू लागली. पासष्टीपुढचे लोक आज २९ टक्क्यांच्या आसपास आहेत. पण दाखले, कर, नोंदवह्या ही कामं हजार वस्तीच्या गावालाही चुकत नाहीत. उलट वय वाढलं की कचेरीशी संबंध वाढतो, कारण २००० साली सुरू झालेला, म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठीचा शुश्रूषा विमा तिथली स्थानिक प्रशासनंच चालवतात. कमी होतात ते हे काम करणारे हात.

म्हाताऱ्यांना जमत नाही, हा मुद्दा तर मुळातच चुकतो. डिजिटल म्हणजे नागरिकाच्या हातातला मोबाईल, असं कुणी ठरवलं? जपानच्या होक्काइदो बेटावरच्या कितामी शहरात खिडकीवर अर्ज लिहावाच लागत नाही. कर्मचारी ओळखपत्र पाहतो, काय हवंय ते विचारतो, संगणक अर्ज भरतो. आजोबांनी वाचायचं आणि सही करायची. थरथरत्या हाताने तोच पत्ता अर्जामागून अर्जावर लिहिणं वाचलं, आणि आजोबांना एकही बटण दाबावं लागलं नाही.

नुसता दर्शनी भाग डिजिटल केला तर काय होतं, तेही जपाननेच पाहिलं. २०२० मध्ये माणशी १ लाख येन मदत जाहीर झाली. ऑनलाइन अर्ज रहिवासी नोंदवहीशी जोडलेलेच नव्हते. कर्मचारी अर्ज छापून एकेक नाव ताडून पाहत बसले, आणि काही शहरांनी ऑनलाइन अर्ज बंद करून कागदच मागवले.

खर्चाची तक्रार मात्र खरी आहे. २०२१ च्या कायद्याने सगळ्या स्थानिक प्रशासनांच्या संगणक प्रणाली एकसारख्या करायचं ठरलं. तरी बऱ्याच ठिकाणी चालू खर्च उलट वाढलाय. त्यावर केंद्राकडे पैसे मागावेत, ठेकेदाराला जाब विचारावा. म्हाताऱ्यांवर खापर फोडू नये.

राहिला खिडक्या बंद करण्याचा सल्ला. डेन्मार्कने २०१४ मध्ये सरकारी पत्रव्यवहार डिजिटल टपालावर सक्तीने नेला, पण ज्यांना झेपत नाही त्यांना सूट ठेवली. सूट मिळालेल्यांची पत्रं आजही कागदावरच येतात.