सभेआधीच्या भेटी म्हणजे मोर्चेबांधणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सोसायटीच्या सभेत एखादा विषय मंजूर व्हायला हवा असेल, तर आधी घरोघरी जाऊन बोला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा: 'ही मोर्चेबांधणी झाली. मुद्दा खरा असेल तर सभेतच मांडा, लोक ऐकतील.'

लोक ऐकतातही. पण चाळीस जणांसमोर एकदा 'माझा याला विरोध आहे' म्हटलं की माघार घेणं जड जातं. तोच माणूस स्वतःच्या घरी 'बरं, असं असेल तर बघू' सहज म्हणून जातो. शिवाय विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी' आला, तर पहिला प्रश्न त्याच्या गुणदोषांवर येत नाही. 'हे आधी का नाही सांगितलं?' हाच येतो.

गच्चीवरच्या सौर पॅनेलचंच घ्या. १० किलोवॅटला साधारण १००० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४० युनिट वीज मिळते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. हिशेब चोख, तरी विषय बारगळतो. कारण सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांना अनुदानाची नाही, गळतीची काळजी असते, आणि ती रास्तच आहे. सांगाड्यासाठी स्लॅबला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलंच म्हणून समजा. त्यांच्याकडे सर्वात आधी जा. भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, पण गच्चीला ते वजन पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर ते आधी.

वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी लागते. म्हणजे भेटी त्याच्याही दोन-तीन आठवडे आधी सुरू व्हायला हव्यात. सोबत एकच कागद न्या: सामाईक मीटरची वर्षभराची बिलं आणि तीन कोटेशनं. 'पाठिंबा द्याल ना?' असं मात्र विचारू नका. शेजारधर्म म्हणून सगळे हो म्हणतात आणि सभेत गप्प बसतात. 'यात काय खटकतंय?' असं विचारा, आणि उत्तर त्यांच्यासमोरच लिहून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय आधी टाकलात तर मात्र संपलंच. तिथली चर्चा म्हणजे सभाच, फक्त अध्यक्ष नसलेली.

तुमची भीती एका बाबतीत खरी आहे. एकाला देखभाल खर्च कमी होईल सांगायचं, दुसऱ्याला लिफ्ट बदलून देऊ म्हणायचं, हे कारस्थानच. म्हणून कागद सगळ्यांना एकच, आणि भेटींत आलेले आक्षेप, न सुटलेले धरून, विषयासोबतच्या टिपणात छापायचे.

ठरावातही नुसतं 'सौर पॅनेल बसवण्यास मंजुरी' लिहू नका. क्षमता, खर्चाची कमाल मर्यादा, पैसे कोणत्या निधीतून आणि गळती झाल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे चारही मुद्दे इतिवृत्तात आले पाहिजेत.