निळी रेषा आणि 'इथे थांबू नका'

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जुलैत तो व्हिडिओ येतोच. टोकियोच्या उत्तरेला कासुकाबे इथं जमिनीखाली बांधलेला पूरबोगदा, त्यातलं ते देवळासारखं दालन, पाचशे-पाचशे टनांचे ५९ खांब. खाली कुणीतरी लिहितं, "बघा, ह्याला म्हणतात नियोजन." दुसरा म्हणतो, "आपल्याकडे शिस्तच नाही." तिसरा नुसतेच जोडलेले हात टाकतो. मग सगळे माझ्याकडे वळतात. "काय गं, तुमच्याकडे पाणी भरतच नसेल ना?"

मी राहते त्या टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. पश्चिमेला अराकावा नदी, पूर्वेला एदोगावा, दक्षिणेला टोकियोचा उपसागर. गेल्या शतकात कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की जमीनच खाली बसली. निशी-कासाई स्टेशनच्या आसपास आपली भारतीय वस्ती आहे. गणपतीत इथे मोदकांचे डबे या इमारतीतून त्या इमारतीत फिरतात, आणि हे सगळं बांधाच्या भरवशावर. अराकावाचं आमच्याजवळचं पात्रही माणसांनी खणलेलं आहे. १९१० च्या महापुरानंतर २२ किलोमीटरचं नवं पात्र काढायला घेतलं, ते १९३० साली पुरं झालं. त्यासाठी सुमारे १,३०० घरं उठवली. मी मूळची चिपळूणची. वाशिष्ठीच्या काठावरून उठून अराकावाच्या काठावर येऊन राहिले. याला सवय म्हणायचं की खोड, ते घरचेच ठरवोत.

२०१९ च्या मे महिन्यात वॉर्डाने घरोघर पुराच्या नकाशाची पुस्तिका वाटली. पहिल्या नजरेतच दिसेल असा वॉर्डाचा नकाशा, त्यातून बाहेरच्या दिशेला जाणारे बाण, आणि नकाशाच्या पोटात जपानीत एक वाक्य: "इथे थांबू नका." मी दोनदा वाचलं. माझं जपानी तेव्हा कच्चंच होतं, म्हणून शेजारच्या आजींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर वाचलंस." आतल्या पानांवर लिहिलं होतं की सर्वांत वाईट पूर आला तर काही ठिकाणी १० मीटरपर्यंत पाणी चढेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस ते उतरणार नाही. पूर्व टोकियोतल्या पाच वॉर्डांत मिळून सुमारे २५ लाख माणसं राहतात. इथल्या लोकांनीही कपाळाला हात लावला. जायचं कुठं, जागेचे भाव पडतील त्याचं काय, अशी बरीच चर्चा झाली. पण पुस्तिका मागे घेतली गेली नाही. स्वतःच्याच गावाला 'इथे थांबू नका' असं छापून सांगणारी पालिका मी तोवर पाहिली नव्हती.

आता आमच्या चिपळूणकडे या. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी चिपळूणची बाजारपेठ बुडाली, ती २६ जुलै २००५ नंतर पुन्हा. आमच्या घराच्या जिन्याजवळच्या भिंतीवर बाबांनी २००५ ची खूण खिळ्याने कोरून ठेवली होती. २०२१ ची तिच्या वर आहे, बोटं आडवी धरून मोजली तर सात बोटं. आई-बाबा पोटमाळ्यावर होते. फोनची बॅटरी जपायची म्हणून आई दर दोन तासांनी एकच शब्द बोलायची, "आहोत," आणि ठेवायची. मी टोकियोत बसून इंटरनेटवर पावसाचे आकडे बघत होते. त्याचा उपयोग शून्य.

पुढे जे झालं त्याला गावात 'पूररेषेचं प्रकरण' म्हणतात. जलसंपदा खात्याने नद्यांना दोन रेषा आखलेल्या असतात. २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लालच्या मध्ये अटींसह. चिपळूणचा मोठा भाग या रेषांमध्ये अडकला. घर दुरुस्त करायचं तर परवानगी नाही, बँक कर्ज द्यायला कां-कूं करते, जागेला गिऱ्हाईक नाही. २०२१ च्या डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. नदीतला गाळ काढा आणि पूररेषा मागे घ्या, अशा मागण्या होत्या.

आमच्या ग्रुपवर तेव्हा तट पडले. पुण्या-मुंबईचे म्हणत, पुरात घरं बांधायची आणि वर रेषा नको म्हणायचं, हा कुठला न्याय. गावातले म्हणत, तुम्ही या आणि चिखल काढा, मग बोला. शिवाय ठरलेला वाद होताच, पाणी कोळकेवाडी धरणाचं की आभाळातलं. (हा वाद सांगली-कोल्हापुरात अलमट्टीचं नाव घेऊन होतो. नाव बदलतं, सूर तोच.) मीही सुरुवातीला पुण्या-मुंबईच्या शहाणपणाच्या बाजूने होते. जपानात राहून तो जरा लवकरच येतो.

मत बदललं ते या नकाशामुळेच. एदोगावातही माणसं पुराच्या पट्ट्यात राहतात. इमारती उभ्या राहतात, कर्ज मिळतं, दुकानं चालतात. 'इथे थांबू नका' म्हणणाऱ्या त्या नकाशाने कुणाचीही घरदुरुस्ती थांबवलेली नाही. पूर येणार असं कळलं की निघा, एवढंच तो सांगतो. कधी निघायचं, कुठल्या दिशेला, जमलंच नाही तर कुठल्या शाळेच्या कितव्या मजल्यावर. तो नकाशा माझ्यासाठी काढलेला आहे. निळी रेषा मात्र बांधकाम परवानगीच्या टेबलासाठी काढलेली आहे. रात्री तीन वाजता आईला घेऊन कुठं जायचं, हे त्या रेषेला विचारलं तर ती गप्प. आपण एकाच रेषेवर दोन कामं लादली, जीव वाचवण्याचं आणि बांधकाम अडवण्याचं, आणि दुसऱ्या कामाच्या रागात लोकांनी पहिल्या कामाचा कागदही फाडून टाकला. तेव्हा चिपळूणकर रेषेवर चिडले तर मला नवल वाटत नाही. रेषा चुकीची होती असं मी म्हणत नाही. ती सांगायला उशिरा आली, आणि आली तीही नोटीस होऊन.

हे सांगायचं कधी, यालाही महत्त्व आहे. ऑगस्ट २०२० पासून जपानात घर विकताना किंवा भाड्याने देताना दलालाने पूर-नकाशावर ते घर नेमकं कुठं आहे हे गिऱ्हाइकाला दाखवून समजावणं बंधनकारक आहे. आम्ही घर बदललं तेव्हा सूट-टाय घातलेल्या एका मुलाने नकाशावर पेन्सिलचं टोक टेकवलं. "तुमची इमारत ही. इथे तीन ते पाच मीटर. तुमचा मजला सहावा, म्हणजे घर कोरडं राहील, पण वीज आणि संडास बंद पडतील." चेहऱ्यावर काही नाही, गॅसचं मीटर दाखवावं तसं. मग सही.

माझ्या चुलतभावाने २०१७ ला गावात तळमजल्यावर ब्लॉक घेतला. दलाल त्याला म्हणाला, "२००५ चं पाणी शंभर वर्षांतून एकदा येतं हो, आता तुमच्या नातवाच्या काळात." शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ लोकांना असा वाटतो की एकदा येऊन गेलं की ९९ वर्षं सुटका. तसं नसतं, दर वर्षी सोडत नव्याने निघते. निळ्या रेषेपर्यंत पाणी यायची शक्यता दर वर्षी चार टक्के असेल, तर २० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत ते एकदा तरी यायची शक्यता ५६ टक्के होते. म्हणजे नाणेफेकीपेक्षाही वाईट. हा हिशेब बारावीच्या गणितातला आहे, पण दलालाच्या टेबलावर तो कुणी मांडत नाही. भावाचं कर्ज अजून चालू आहे. फ्रिज तिसरा आहे.

इथे कुणी म्हणेल, कागद वाटून काय होतं, माणसं ऐकायला हवीत. अगदी खरं. १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबिस वादळ टोकियोवर आलं, नकाशा वाटून जेमतेम पाच महिने झाले होते. वॉर्डाने सकाळीच सुमारे ४ लाख ३० हजार लोकांना घर सोडायला सांगितलं. निवाऱ्यात पोचले सुमारे ३५ हजार. नकाशातले बाण वॉर्डाबाहेर जात होते खरे, पण रेल्वे कंपन्यांनी गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं आदल्या दिवशीच जाहीर केलेलं. बाणाच्या दिशेने जायचं तरी कशाने?

आम्ही गेलो ते जवळच्या प्राथमिक शाळेत. दारात जुने टॉवेल अंथरलेले, चपला पिशवीत घालायच्या, नाव-पत्ता लिहायचा. तळमजल्यावर कुणाला बसू देत नव्हते, सगळे वर्गांत, तिसऱ्या मजल्यावर. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर काढून बसलेली. शेजारच्या आजी आमच्या आधीच पोचल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत रेडिओ आणि औषधांची वही. मी आणलं होतं ते लॅपटॉप, पासपोर्ट आणि घाईत उचललेला चिवड्याचा डबा. चिवडा मात्र वर्गभर फिरला. अराकावा त्या रात्री बांधाच्या आत राहिली. त्याच वादळात पलीकडच्या ताइतो वॉर्डात रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना निवाऱ्याच्या दारातून परत पाठवलं, का तर वॉर्डात पत्ता नाही. जपानी शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांना मी हेही सांगते.

आणखीही सांगता येईल. जुलै २०१८ च्या पावसात कुराशिकी शहराच्या माबी भागात पाणी नकाशात रंगवलं होतं जवळजवळ तिथंच भरलं. नकाशा आधीच वाटलेला होता, तरी ५१ माणसं गेली, त्यांत बहुतेक म्हातारी. १ जानेवारी २०२४ ला नोतो भूकंपात घरं पडली, तिथल्या वाजिमा शहरात तात्पुरती घरं बांधली. त्यांतली काही पुराच्या पट्ट्यातच होती, आणि सप्टेंबरातल्या पावसात त्यांत पाणी शिरलं. ज्यांचं घर भूकंपात गेलं त्यांचं दुसरं घर पुरात. नकाशा सरकारचा आणि जागा निवडणारंही सरकारच. कासुकाबेचे खांब कितीही देखणे असले तरी हे झाकत नाहीत.

तरी एक फरक मला मानावा लागतो. चूक झाली की इथे शब्दापासून दुरुस्ती सुरू होते. घर सोडण्याची 'सूचना' आणि 'आदेश' यांत लोकांचा गोंधळ होतो, सूचना आली की लोक आदेशाची वाट बघत बसतात, हे दिसल्यावर मे २०२१ मध्ये सूचना काढूनच टाकली. आता एकच शब्द, निघा. आपल्याकडचे 'सतर्कतेचा इशारा देण्यात येत आहे, नागरिकांनी आवश्यक ती खबरदारी घ्यावी' हे वाक्य घ्या. यात निघायचं आहे की नाही? माझ्या आईने ते आयुष्यभर वाचलंय आणि तिने घेतलेली खबरदारी म्हणजे देव्हारा वरच्या फळीवर ठेवणं.

आणि 'आपल्या लोकांना शिस्त नाही' हे तर मी ऐकूनच घेत नाही. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१९ ला फनी आलं तेव्हा त्याच ओडिशाने सुमारे १२ लाख लोक हलवले आणि मृतांचा आकडा ६४ वर थांबला. ती माणसं काय जपानी होती? गावागावात निवारे बांधले होते आणि कुणी कुणाला उठवायचं हे ठरलेलं होतं.

२०१५ ला जपानच्या इबाराकी प्रांतात किनुगावा नदीचा बांध फुटला आणि जोसो शहर बुडालं, नगरपालिकेची इमारतसुद्धा. त्यानंतर तिथे एक साधा कागद निघाला, 'माय टाइमलाइन'. पाणी यायच्या तीन दिवस आधीपासून घरातल्या कुणी काय करायचं, ते ज्याचं त्याने भरायचं. आमच्या मुलीच्या शाळेतूनही तो आला. तिने त्यात लिहिलं, 'कासवाला बादलीत घालणे', त्यापुढे वेळ, बारा तास आधी. गेल्या मे महिन्यात चिपळूणला गेले तेव्हा मी तसाच कागद मराठीत करून नेला. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७. त्यांच्यापुढे रिकाम्या ओळी.

आईने लगेच पेन्सिल घेतली. ५ मीटर: सिलिंडर, कागदपत्रं, बाबांची इन्सुलिन. ५.५: रिक्षाला फोन, आत्याकडे टेकडीवर. बाबा चष्मा वर करून बघत होते.

"५ मीटरला निघायचं? अगं, ५ मीटरला मी चहा घेतो."

"घ्या की. आत्याकडे घ्या," आई म्हणाली.

त्यांनी खोडरबर मागितलं. अर्धा तास वाद झाला. मध्ये भरतीची वेळ निघाली, गोवळकोटची खाडी निघाली, २००५ ला कुणाच्या घरी कोण अडकलं होतं ते निघालं. शेवटी ५.५ चे ६ झाले आणि कागद फ्रिजवर लागला. रात्री पाणी प्यायला उठले तर ६ खोडून पुन्हा ५.५ केलेलं होतं, या वेळी बॉलपेनने.