लॅमिनेट केलेली चिठ्ठी

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२४ च्या सप्टेंबरात तीन दिवस भांडण चाललं होतं. कन्नड विकास प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी मागणी केली होती, की सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी कन्नडमध्ये लिहावी. सीमाभागातल्या माणसाला भांडायला एवढं पुरतं. एकानं महाराष्ट्रानं हक्क सांगितलेली ८६५ गावं काढली, दुसऱ्यानं महाजन अहवाल, तिसऱ्यानं काळ्या दिनाच्या फेरीचा जुना फोटो टाकला. टिळकवाडीत राहणाऱ्या एका मैत्रिणीनं मध्येच विचारलं, "डॉक्टरचं अक्षर आजवर कुणाला कुठल्या भाषेत वाचता आलंय?" तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मी हे सगळं गेट्सहेडमधल्या एका औषधाच्या दुकानात, मागच्या खोलीत, डबा खाता खाता वाचत होतो. टाइन नदीच्या अलीकडं गेट्सहेड, पलीकडं न्यूकॅसल. गेली सोळा वर्षं मी इथं फार्मासिस्ट आहे. वाचताना डोळ्यांपुढं एकच चिठ्ठी येत होती. ती इंग्रजीत होती, २०१२ सालची होती आणि लॅमिनेट केलेली होती.

चिठ्ठी माझ्या मावशीची. काका गेल्यावर तिला झोप लागेना, तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलम पॉइंट फाइव्ह, म्हणजे घबराट कमी करणारी, झोप आणणारी अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. रात्री एक, पंधरा दिवस. पंधरा दिवसांत गोळ्या संपल्या, दुःख काही संपलं नव्हतं. मग ती तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा मेडिकलमध्ये गेली, आणि पुन्हा. कागद घडीवर फाटायला लागला तेव्हा स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तिनं तो लॅमिनेट करून घेतला. रेशनकार्ड, आधार आणि ही चिठ्ठी एकाच पिशवीत. अकरा वर्षं. '१५ दिवस' हे प्लॅस्टिकखाली अगदी स्वच्छ दिसत होतं. ते कन्नडात असतं, मराठीत असतं, मोडीत असतं तरी मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्याच असत्या आणि मावशीनं घेतल्याच असत्या.

२०२३ च्या जूनमध्ये मावसभावाचा फोन आला. आईला काहीतरी झालंय. चार रात्री डोळा नाही, हात इतके थरथरतात की चहा बशीत सांडतो, शेजारच्या घरी मिक्सर लागला तरी कान दाबून बसते, काल न्हाणीत पडली. बीपी बघितलं, शुगर बघितली, कुणीतरी दृष्टही काढली. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात काही औषध बदललं का?"

"नाही दादा. उलट एक कमी केलंय. ती झोपेची गोळी. मी व्हिडिओत बघितलं, फार वाईट असते म्हणून. पाकीटच टाकून दिलं."

त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. आईच्या काळजीनंच त्यानं ते केलं होतं. ही गोळी मेंदूतल्या ब्रेकवर पाय देऊन उभी असते. वर्षानुवर्षं दुसऱ्याचा पाय ब्रेकवर असला की मेंदू आपला पाय काढून घेतो. अशात ती एकाएकी काढली की चोर्ला घाटाच्या उतारावर ड्रायव्हरनं गाडीतून उडी मारल्यासारखं होतं. झोप जाते, घाम सुटतो, अंगाला मुंग्या येतात, उजेड आणि आवाज सोसवत नाही. काहींना फिट येते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. मावशीचं न्हाणीतल्या पडण्यावर भागलं. मी सांगितलं, आज रात्री होती तेवढीच गोळी चालू कर, आणि उद्या डॉक्टर.

हे न्यूकॅसलच्या पलीकडच्या काठावर बसून सांगायला मला सोपं होतं, कारण ही विद्या एका अर्थानं याच गावची. प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं न्यूकॅसलमध्ये या जातीच्या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. सुमारे ३०० रुग्ण पाहिले. रुग्ण काय सांगतात ते लिहून घेतलं, आणि त्यातून जी पुस्तिका झाली ती आज जगभर वापरली जाते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लवकर उतरणारी गोळी डायझेपाम या त्याच जातीच्या, सावकाश उतरणाऱ्या गोळीत बदला, मग थोडी थोडी कमी करा, आणि वेग रुग्णाला ठरवू द्या. अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपाम. मावशी घेत होती ती गोळी दिसायला मसूरडाळीएवढी. 'बारकी गोळी' म्हणूनच तिला कधी भीती वाटली नव्हती.

बेळगावात डॉक्टर चांगले भेटले. त्यांनी आधी अर्धीच बदलली, दोन आठवडे पाहिलं, मग उरलेली. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात डायझेपाम साठत जातं, गुंगी येते, तोल जातो. त्यामुळं हा बदल सगळ्यांना चालत नाही, काहींची असलेलीच गोळी हळूहळू कमी करावी लागते. मावशीला चालला. मग दर तीन आठवड्यांनी एक मिलिग्रॅम कमी. दहावरून नऊ म्हणजे दहावा हिस्सा. पण चारावरून तीन म्हणजे पाव हिस्सा. आकडा तोच, अंगाला बसणारा धक्का मात्र अडीचपट. म्हणून पाचाच्या खाली आल्यावर अर्ध्या अर्ध्या मिलिग्रॅमनं उतरलो, आणि शेवटी शेवटी महिना महिना एकाच आकड्यावर थांबलो. साधा नियम सांगतात तो असा, की दोन ते चार आठवड्यांनी असलेल्या डोसच्या पाच ते दहा टक्के कमी करायचं. पण असा नियम कागदावर सोपा असतो. डायझेपामची बारकी गोळी दोन मिलिग्रॅमची. तिचे चार तुकडे करायचे म्हणजे काय, ते मला एका रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसलं.

मावशीनं पाटावर स्टीलचं ताट ठेवलं होतं. ताटात गोळी. हातात काकांचा पितळी अडकित्ता, ज्यानं ते आयुष्यभर सुपारी कातरत आले. कट्ट. एक तुकडा ताटात, दुसरा फ्रिजखाली. तिनं ताटातला पांढरा चुरा बोटानं टिपला आणि चाटला. "वाया का घालवू? मी काय तुझ्यासारखा पगारी हाय?" (आमच्याकडं बायकाही 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं.) मी गोळ्या कापायचा प्लॅस्टिकचा डबा पोस्टानं पाठवला. पोचायला महिना लागला. तोवर अडकित्ताच.

आणि कॅलेंडर. भिंतीवरच्या कालनिर्णयात दर रविवारच्या चौकटीत मावसभावानं आकडा लिहिला होता: साडेचार, साडेचार, साडेचार, चार. खाली मावशीच्या हातची खूण. बरं गेलं की टिकली, वाईट गेलं की फुली. सलग तीन फुल्या दिसल्या की पुढचा आकडा गाळायचा, तिथंच थांबायचं. वर मात्र परत चढायचं नाही. डॉक्टरांकडं जाताना ते पान फाडून नेत. त्या डॉक्टरांची मातृभाषा कन्नड. मावशीला पाहून ते मोडकं मराठी काढायचे. "मावशी, जीव घाबरा होतंय काय? कुठं होतंय, छातीत का पोटात?" ती तोंडावर पदर घेऊन हसायची आणि मग सगळं सांगायची.

भाषेचा वाद मला फालतू वाटत नाही, तो इथं येतो म्हणून. 'जीव खालीवर होतो', 'डोक्यात किडे वळवळल्यागत होतं', 'मन कशात रमत नाही' हे सांगता आलं नाही तर समोरच्याला काहीच कळणार नाही, आणि कळलं नाही की डॉक्टर डोस वाढवतो. हिंदीत भाषांतर करून सांगणारी सीमाभागातली म्हातारी मी पाहिली आहे. सगळ्या दुखण्याचं 'चक्कर आता है' होऊन जातं. चिठ्ठी कुठल्या लिपीत लिहावी यापेक्षा रुग्णाचं कुठल्या भाषेत ऐकून घ्यावं, यावर ग्रुपवर तीन दिवस भांडण झालं असतं तर मीही उतरलो असतो.

आता 'तुमच्या इंग्लंडात कसं छान' हे मला कुणी ऐकवू नये म्हणून इथलंही सांगतो. औषधांच्या सुरक्षिततेच्या इथल्या समितीनं १९८८ मध्येच सांगितलं होतं, की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी माझ्या काउंटरवर वीस-वीस वर्षं डायझेपाम घेणारे आजोबा येतात. त्यांतल्या एकांना दवाखान्याचं पत्र आलं: तुमच्या गोळ्या दोन महिन्यांत बंद करत आहोत. ते पत्र काउंटरवर ठेवून त्यांनी मला विचारलं, "मी काय केलं?" एकाएकी बंद करू नका, रुग्णाशी बोलून ठरवा, असं उपचारांचे नियम ठरवणाऱ्या इथल्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. पत्र पाठवणाऱ्यानं ते वाचलं नसावं, किंवा दहा मिनिटांच्या भेटीत बोलायचं कधी हा प्रश्न पडला असावा. आणि डॉक्टरांनी हात आखडला की माणसं दुसरीकडून मिळवतात. स्कॉटलंडमध्ये रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या नकली 'व्हॅलियम'नं (डायझेपामचंच हे दुसरं नाव) कित्येकांचे जीव घेतले. त्यात बऱ्याचदा याच धाटणीचं एटिझोलम असायचं. गंमत बघा, इथं कधीच परवाना न मिळालेलं आणि २०१७ पासून बंदी असलेलं हे एटिझोलम आपल्याकडं रीतसर चिठ्ठीवर मिळतं.

म्हणूनच ग्रुपवर जेव्हा एकानं लिहिलं, "सगळ्या मेडिकलवर धाडी घाला, आपोआप बंद होतंय बघा," तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. धाड पडली तर उद्या खानापुरात शंभर मावश्या न्हाणीत पडतील, असं लिहिलं. शंभर हा आकडा रागात आला होता, तो मागे घेतो. बाकीचं घेत नाही. कमी करायची सोय नसताना पुरवठा तोडणं म्हणजे माझ्या मावसभावानं घरात केलं तेच सरकारनं तालुक्यात करणं.

आणि सोयीचं अर्धं सामान आपल्याकडं पडून आहे. २०१४ च्या मार्चपासून अल्प्राझोलम आणि डायझेपाम एच-वन या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहेत. मेडिकलवाल्यानं प्रत्येक विक्री वेगळ्या वहीत लिहायची: डॉक्टर कोण, रुग्ण कोण, किती गोळ्या. वही तीन वर्षं जपायची. आज ती वही कुणासाठी असते? इन्स्पेक्टरसाठी. तो आला की काढायची, गेला की कपाटात. पण नीट ठेवली असेल तर त्याच वहीत गावातल्या प्रत्येक मावशीचं नाव आहे.

कॅनडात क्वेबेक प्रांतात एक प्रयोग झाला, २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. तीस औषधदुकानांतून ३०३ म्हाताऱ्या माणसांना घेतलं. निम्म्यांना घरी एक पुस्तिका पाठवली: ही गोळी काय करते, तुमच्यासारख्याच एका बाईनं ती कशी सोडली, आणि एकवीस आठवड्यांचं चित्रातलं वेळापत्रक, पूर्ण गोळी, अर्धी, पाव. डॉक्टरांशी किंवा फार्मासिस्टशी बोलूनच सुरू करा, हेही त्यात. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांची गोळी पूर्ण सुटली होती. न मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांची. क्वेबेकमध्येही भाषेवरून आपल्यापेक्षा कमी भांडणं नाहीत, पाट्यांवरून तर नाहीतच. आज ती पुस्तिका फ्रेंचमध्येही मिळते आणि इंग्रजीतही. कुणाचा स्वाभिमान दुखावल्याचं मी ऐकलेलं नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले आरोग्य योजना ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली, त्यावर आमच्या ग्रुपनं आणखी चार दिवस काढले. ऑपरेशनला पैसे मिळाले तर मलाही आनंद आहे. पण मावशीचं काम ऑपरेशनचं नव्हतं. तिला चौदा महिने दर पंधरवड्याला 'कसं चाललंय' विचारणारं कुणीतरी हवं होतं. त्याचं पॅकेज बेंगळुरूच्या कार्डावर नाही, मुंबईच्याही नाही. तिला मुलगा होता, दवाखान्यात मोडकं मराठी बोलणारे डॉक्टर होते आणि फोनवर मी होतो. ज्यांना यातलं कुणी नाही त्यांच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं कन्नडही चालतं आणि मराठीही. धारवाडची मानसिक आरोग्याची संस्था बेळगावपासून दीड-दोन तासांवर आहे. पण आमच्या लहानपणी घरात 'ह्याला धारवाडला न्या' ही शिवी होती. झोपेच्या गोळीसाठी म्हातारी तिथं जाणार नाही. मेडिकलमध्ये ती तशीही दर महिन्याला जाते.

ग्रुप भांडत होता त्या आठवड्यात मावशी शेवटच्या पाव गोळीवर होती. आता गोळी नाही. झोपेचं विचारलं तर म्हणते, "कधी लागतीय, कधी नाही. तुला तरी कुठं रोज लागतीय?" हे खरं आहे.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा त्या मेडिकलमध्ये गेलो. मालक माझ्याहून लहान. मला दादा म्हणतो. अकरा वर्षं तू कशा दिल्यास, असं विचारायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडावर आलं नाही. काकांच्या बाराव्याला त्यानंच पाण्याचे कॅन पोचवले होते. मी नुसतं विचारलं, मावशीसारख्या लॅमिनेट केलेल्या चिठ्ठ्या अजून किती जणांच्या येतात? त्यानं वही काढली नाही. बोटांवर मोजायला सुरुवात केली, दुसऱ्या हाताच्या करंगळीपाशी थांबला आणि म्हणाला, "दादा, नुसतं आपल्या गल्लीतलं सांगू, का गावातलं?"