‘त्याच रात्री बंद पडला’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

आपला अभिप्राय रविवारी रात्री वाचला. रागाच्या भरात काही लिहून जाऊ नये म्हणून दोन दिवस थांबलो आणि आज उत्तर देतोय. आधी माफी मागतो. नको असलेलं काढून जागा मोकळी करायला आपण दिलेला लॅपटॉप शुक्रवारी संध्याकाळी देतो म्हणालो आणि शनिवारी सातला दिला, ही चूक माझी. रविवारी दुपारी आपण केलेले दोन फोन मी उचलले नाहीत, तीही माझीच.

आता आपण जे लिहिलंय त्याबद्दल. आपले शब्द असे: ‘दुकानातून आणला त्याच रात्री बंद पडला. नुसतं डिलीट करायला ६०० रुपये घेतले आणि मायएसक्यूएलचं फोल्डर अजून तिथंच आहे. अर्धवट काम. कुणी जाऊ नका.’

पैशांचं आणि अर्धवट कामाचं, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेस (माहितीचे साठे) सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फोल्डरचं, पुढे सांगतो. मला लागलंय ते ‘त्याच रात्री’ हे. वाचणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागणार, की आम्ही मशीन बिघडवून दिलं.

शनिवारी सात वाजता काउंटरवर आपल्यासमोरच लॅपटॉप चालू केला होता. उबंटू (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) उघडलं, वाय-फाय लागलं, चिरंजीवांनी स्वतः ब्राउझर आणि त्यांचा कोड लिहायचा एडिटर उघडून पाहिला. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) ४० जीबीचं, त्यात आधी जेमतेम १ जीबी मोकळी होती ती १४ जीबी झाली, हा आकडा मी बोट ठेवून दाखवला. आपणही ‘झालं हलकं’ म्हणालात. रविवारी सकाळी चिरंजीव एकटेच आले. पडदा काळा आणि त्यावर लॉगिनची एक ओळ, बाकी काही नाही. ‘काही काढलं-बिढलं का?’ असं मी विचारलं. ‘नाही’ म्हणाले.

उबंटूमध्ये ॲप्टने, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायच्या-काढायच्या साधनाने, काही बसवलं किंवा काढलं की त्याची नोंद मशीन स्वतः ठेवतं. लॉगच्या फोल्डरात ॲप्टची हिस्ट्री नावाची फाइल असते. तिच्यात तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, दिलेली कमांड आणि कुठली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आली-गेली ती सगळी नावं असतात. ही फाइल मी चिरंजीवांच्या समोरच उघडली. माझी शेवटची नोंद शनिवारी दुपारी ४ वाजून १८ मिनिटांची. त्यानंतरची नोंद रात्री ११ वाजून ४२ मिनिटांची, कमांड ‘ॲप्ट रिमूव्ह पायथन३’, म्हणजे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मशीनवरून काढ. खाली काढलेल्या पॅकेजेसची नावं पडदाभर, त्यात ‘उबंटू-डेस्कटॉप’ही. पुढे ११ वाजून ५१ मिनिटांनी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ (आता कशाला लागत नाहीत ती पॅकेजेस झाडून काढ), तेही मध्ये काही विचारू नकोस असं सांगणारा ‘वाय’ (येस) जोडून. आमचं शटर साडेआठला पडतं आणि त्या वेळी लॅपटॉप आपल्या घरी होता.

सर, मुलाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. त्यांना प्रोजेक्टसाठी पायथनची नवी आवृत्ती हवी होती. जुनं काढून नवं टाकावं असं कुणालाही वाटेल. पण उबंटूची स्वतःची बरीच साधनं पायथनवर चालतात, अपडेट करणारा प्रोग्राम त्यावर, कमांड टाइप करायची टर्मिनलची खिडकी उघडते तीही त्यावरच. तो पायथन काढायला सांगितला की त्याच्या आधारावर उभं असलेलं सगळं ॲप्ट बरोबर काढतं. काढण्याआधी यादी दाखवतं आणि ‘पुढे जाऊ का?’ विचारतं. ती यादी वाचायची असते. नवी आवृत्ती शेजारी वेगळी बसवता येते आणि प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचा स्वतंत्र कप्पा) करता येतं, सिस्टीमच्या पायथनला हात लावावा लागत नाही. रविवारी मी त्यांना हे करून दाखवलं. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून गेलेली पॅकेजेस परत बसवायला पावणेतीन तास गेले. त्याचा एक रुपया घेतला नाही. तेव्हा माझा आवाज चढला होता, हे मात्र खरं. विचारल्यावर ‘नाही’ म्हणाले आणि समोर नोंद निघाली, म्हणून चढला. तरी चढायला नको होता.

अभिप्रायात या रविवारचा एक शब्द नाही, याचं वाईट वाटलं.

आता ‘नुसतं डिलीट’. एक सॉफ्टवेअर बसवलं की ते आपल्याबरोबर दहा-वीस मदतीची पॅकेजेस आणतं. आपण नाव घेऊन बसवलेलं कुठलं आणि दुसऱ्याच्या मागून आलेलं कुठलं, याची खूण ॲप्ट ठेवतं, एक मॅन्युअल आणि दुसरी ऑटो. मूळ सॉफ्टवेअर काढलं तरी मागून आलेली तशीच राहतात. ती झाडून काढायला ऑटोरिमूव्ह आहे. पण त्या यादीत जे येतं ते सगळं निरुपयोगीच असतं असं नाही. आपल्या मशीनच्या यादीत वाय-फायच्या ड्रायव्हरला लागणारं एक पॅकेज आलं होतं. कधीतरी दुसऱ्या कशाच्या मागून ते आलं होतं आणि ते दुसरं गेल्यावर ॲप्टच्या हिशेबात बेवारस झालं. मी न वाचता ‘वाय’ दाबला असता तर घरी गेल्यावर वाय-फाय बंद आणि तेव्हा आपली तक्रार खरी ठरली असती. ते एक पॅकेज मॅन्युअल करून ठेवलं, मग बाकीची ६३ काढली.

शिवाय साध्या रिमूव्हने प्रोग्राम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. पर्ज केलं तर त्याही जातात. आधी कुणीतरी नुसतं रिमूव्ह करून सोडलेली २९ पॅकेजेस यादीत ‘आरसी’ अशी खूण घेऊन पडली होती, ती पर्ज केली. जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढले, चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक ठेवून. डाउनलोड होऊन पडलेल्या पॅकेज फाइली काढल्या. स्नॅप, म्हणजे उबंटूत ॲप बसवायची दुसरी पद्धत, प्रत्येक ॲपची मागची आवृत्तीही जपून ठेवतं, त्या जुन्या आवृत्त्या काढल्या. घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या सेटिंग आणि कॅशना (तात्पुरत्या साठवलेल्या फाइलींना) पर्जसुद्धा हात लावत नाही. त्या एकेक विचारून काढाव्या लागतात आणि तेवढ्याचसाठी मी शुक्रवारी चिरंजीवांशी वीस मिनिटं फोनवर बोललो. सगळं फॉरमॅट मारून दिलं असतं तर तासाभरात मोकळा झालो असतो, पैसेही तेवढेच मिळाले असते. तसं केलं नाही.

आणि ते मायएसक्यूएलचं फोल्डर. प्रोग्राम काढलाय. त्याचा सर्व्हर (मुख्य प्रोग्राम) पर्ज करताना मशीन एक वेगळा प्रश्न विचारतं, सगळे डेटाबेस पुसून टाकू का? त्याला ‘हो’ म्हटलं की ते गेले, कचऱ्याच्या डब्यातूनही परत येत नाहीत. फोल्डरात दोन डेटाबेस दिसले. उघडले नाहीत, तो माझा अधिकार नाही. शुक्रवारी दुपारी आपल्याला दोन फोन केले, लागले नाहीत. नंतर चिरंजीवांशी बोलताना हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं, म्हणून ‘नाही’ दाबलं. कुणाच्या सेमिस्टरभराच्या कामावर अंदाजाने पुसणी फिरवायची, हे मला अकरा वर्षांत जमलेलं नाही. फोल्डर मुद्दाम ठेवलंय हे शनिवारी तोंडी सांगितलं होतं, पण काउंटरवर गर्दी होती, आपल्या कानावर पडलं नसेल. लिहून द्यायला हवं होतं. यापुढे काय काढलं आणि काय मुद्दाम ठेवलं याची चिठ्ठी बिलासोबत देऊ, आणि वेळेचंही काहीतरी बसवतो.

दुकान एका गाळ्याचं आहे, मी आणि मदतीला एक मुलगा. कराडात विद्यानगरच्या बाजूची इंजिनिअरिंगची पोरं हेच आमचं गिऱ्हाईक. ती आधी मोबाइलवर अभिप्रायाचे तारे बघतात, मग पायरी चढतात. सोमवारी एक मुलगा दारातूनच ‘तुमच्याकडून नेलेला लॅपटॉप बंद पडला म्हणे?’ असं विचारून गेला. मशीन आत आणलंच नाही. जुलैत नवीन वर्षाची पोरं येतील, तीही हेच वाचतील.

तारे बदला असं म्हणत नाही. उशीर झाला, फोन उचलला नाही, दोन कमी द्या. फक्त ‘त्याच रात्री’च्या पुढे रात्री काय झालं तेही लिहा, एवढी विनंती आहे. त्या नोंदीची प्रिंट काढून बंद पाकिटात ठेवलीय. कमांड कुणाच्या नावाने दिली गेली तेही तिच्यात असतं, म्हणून इथे टाकली नाही आणि टाकणारही नाही. आपण या, पाहा, पाकीट घेऊन जा.

येताना चिरंजीवांनाही आणा. ते दोन डेटाबेस नको असतील तर दहा मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. हवे असतील तर पेनड्राइव्हवर बॅकअप काढून देतो आणि मग फोल्डर काढतो. पण त्या प्रश्नाला ‘हो’ त्यांनी स्वतः दाबायचं.

सकाळी १० ते रात्री ८.३०, मी दुकानातच असतो.